‘श्वास घेणारं काहीही जिवंत ठेवू नका’ : या आज्ञेचं ज्यू पंडितांनी पुढे काय केलं?

पाटीपेन्सिल

शेजारच्या धाग्यावर कुणीतरी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा विसावा अध्याय चिकटवला आणि मग जी राळ उडाली ती सगळ्यांनी पाहिलीच. निम्मे म्हणाले, बघा, हा यांचा धर्म. उरलेले म्हणाले, संदर्भ बघा. संदर्भ कुणीच दिला नाही. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी मूळ वचनं, गुळगुळीत न करता. सातव्या अध्यायात सात राष्ट्रांची यादी आहे: हित्ती, गिर्गाशी, अमोरी, कनानी, परिज्जी, हिव्वी, यबूसी. त्यांच्याशी करार नको, सोयरीक नको. त्यांच्या वेद्या फोडा, मूर्ती जाळा. विसाव्यात युद्धाचे नियम. दूरच्या शहरापुढे आधी तहाचा प्रस्ताव ठेवायचा. या सात राष्ट्रांच्या शहरांत मात्र श्वास घेणारं काही शिल्लक ठेवायचं नाही, कारण ते तुम्हाला त्यांच्या देवांची अमंगळ कृत्यं शिकवतील. तेराव्यात तर आपलंच गाव: इस्राएलमधलं एखादं नगर दुसऱ्या देवांच्या नादी लागलं तर रहिवासी मारायचे, मालमत्ता चौकात गोळा करून जाळायची, ते गाव पुन्हा वसवायचं नाही. आणि पंचविसाव्यात अमालेक हे राष्ट्र. मिसर सोडून निघालेल्या थकल्याभागल्या लोकांच्या पिछाडीवर त्याने घाला घातला, म्हणून त्याची आठवण आभाळाखालून पुसून टाका.

हे तोराहमध्ये (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत) आहे, आणि त्यातलं अक्षरही गाळायची मुभा कुठल्याच रब्बीला, म्हणजे ज्यू धर्मपंडिताला, नाही. पण वचन वाचलं आणि तलवार उपसली अशी त्या परंपरेची रीत नाही. मध्ये मिश्ना येते (रब्बींच्या तोंडी कायद्याचा संग्रह, इ. स. २००च्या आसपास संकलित), मग तिच्यावरच्या चर्चांचा तालमूद, मग शेकडो वर्षांचे टीकाकार. माझं म्हणणं असं, की या मंडळींनी आज्ञा रद्द केली नाही. तिला अशा अटी लावल्या की ती लागू करायला माणूसच सापडू नये.

तेराव्या अध्यायातलं ते गाव घ्या. तालमूदच्या सन्हेद्रिन भागात रब्बी एलिएझर यांचं मत येतं: त्या गावात एका जरी घराला मेझूझा असेल (दाराच्या चौकटीला लावतात ती, आत वचनं लिहिलेली गुंडाळी), तर गाव या कायद्यात बसत नाही. सगळी मालमत्ता जाळायची आहे आणि देवाचं नाव लिहिलेलं तर जाळता येत नाही. आता ज्यूंच्या गावात औषधालाही मेझूझा नाही असं गाव आणायचं कुठून? तिथेच दुसरं मत: असं गाव कधी झालं नाही, होणारही नाही. मग लिहिलं कशाला? अभ्यास करा आणि पुण्य मिळवा! त्याच पानावर रब्बी योनाथान म्हणतात, मी पाहिलंय असं गाव, त्याच्या ढिगाऱ्यावर बसलोय. दोन्ही मतं शेजारी ठेवून तालमूद पुढे निघून जातो.

सात राष्ट्रांची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. मिश्नेत यहूदा नावाचा एक अम्मोनी येतो, सातांत नसलेल्या एका राष्ट्रातला. धर्मांतर करून ज्यू झालेला. अभ्यासगृहात उभा राहून विचारतो, मला समाजात घ्याल का? तोराह अम्मोनी माणसाला समाजात घेऊ नका म्हणते, म्हणून रब्बान गमलिएल नाही म्हणतात. रब्बी यहोशुआ म्हणतात, अम्मोनी आता त्यांच्या जागी राहिलेत कुठे? अश्शूरचा राजा सन्हेरीब आला आणि त्याने सगळ्या राष्ट्रांची सरमिसळ करून टाकली. यहूदाला प्रवेश मिळतो. बाराव्या शतकात मैमोनिडीस या थोर ज्यू धर्मशास्त्रकाराने युद्धाचे कायदे लिहिले तेव्हा सात राष्ट्रांना मारायची आज्ञा नोंदवली आणि पुढचंच वाक्य लिहिलं: त्यांची आठवण केव्हाच नाहीशी झाली आहे. आज्ञा पुस्तकात शाबूत, पण ज्याच्यावर बजावायची तो समन्सच्या पत्त्यावर नाही.

टाचणी

लेख आवडला. पण हे म्हणजे चोरवाट काढणं झालं ना? वचन वाईट वाटतं, तर सरळ वाईट म्हणा.

पाटीपेन्सिल

टाचणी, सरळ म्हणणारेही आहेत, आणि गंमत म्हणजे तालमूदच्या आतच. राजा शौलाला संदेष्टा शमुवेल सांगतो, जा, अमालेकला संपव, बायका, तान्ही मुलं, गुरं, उंट, गाढवं, काही ठेवू नकोस. बायबलात शौल अमालेकच्या अगाग राजाला आणि चांगल्या गुरांना वाचवतो, लोभापायी. तालमूदने (योमा भागात) याच शौलाच्या तोंडी भलताच युक्तिवाद घातलाय. तो म्हणतो: एक माणूस रानात मरून पडलेला सापडला तर तोराह प्रायश्चित्त म्हणून कालवड आणायला सांगते. एका जिवासाठी एवढं, तर इतक्या जिवांचं काय? माणसांनी पाप केलं म्हणावं, गुरांनी काय केलं? मोठ्यांनी केलं म्हणावं, पोरांनी काय केलं? आकाशवाणी होते: फार पुण्यवान होऊ नकोस. पुढे हाच शौल नोब गावच्या याजकांची कत्तल करायला सांगतो, तेव्हा दुसरी आकाशवाणी: फार दुष्ट होऊ नकोस.

देवाने शौलाला गप्प केलं हे खरं. पण त्याच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही. ज्यांनी हे रचलं त्यांना ते दिसत नव्हतं असं मला वाटत नाही.

वळचण

एक मोठी गोष्ट सगळे विसरताय. हे सगळं लिहिलं कधी? इ. स. ७०मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं, १३५मध्ये बार कोखबा या ज्यू नेत्याचं बंड चिरडलं. रब्बींकडे ना राज्य, ना फौज. हातात काठी नसताना अहिंसेवर प्रवचन करणं सोपं असतं. हातात काठी होती तेव्हा काय केलं तेही सांगा. हशमोनी या ज्यू राजघराण्याचा योहानान हिर्कानस, इ. स. पू. दुसऱ्या शतकाची अखेर: शेजारच्या इदोमी लोकांना सांगितलं, सुंता करा नाहीतर देश सोडा. जोसेफस या ज्यू इतिहासकाराने लिहून ठेवलंय. आणि त्याच्या आजोबांनी, मत्तथ्याने, गावोगाव फिरून वेद्या फोडल्याच होत्या.

पाटीपेन्सिल

वळचण, मुद्दा बिनतोड आहे, आणि काळाचा क्रम तुम्ही म्हणता तसाच आहे. फक्त दोन गोष्टी जोडते.

पहिली: बायबल स्वतःच आपल्या आज्ञेशी इमान राखत नाही. यहोशवाच्या पुस्तकातच लिहिलंय की यबूसी लोकांना हुसकता आलं नाही, ते यरुशलेमेत यहूदाच्या वंशजांबरोबर राहतात. दावीदाच्या नावाजलेल्या योद्ध्यांत उरीया हित्ती आहे. सातांच्या यादीतलं पहिलं नाव, राजाच्या फौजेत! आणि दावीदाला वेदी बांधायला जागा हवी होती तेव्हा तो अरवना यबूस्याकडे गेला. अरवना म्हणाला, फुकट घ्या महाराज. दावीद म्हणाला, छे, किंमत देऊनच घेणार; आणि पन्नास शेकेल चांदी मोजून खळं आणि बैल घेतले. फौज हाताशी असलेला राजा हे करतोय.

दुसरी: हशमोनी विजयाचा सण म्हणजे हनुक्का. तालमूद ‘हनुक्का म्हणजे काय’ असं विचारतो आणि लढाई एका ओळीत आटोपून तेलाच्या बुधलीच्या चमत्काराकडे वळतो. ती निवड रब्बींनी जाणूनबुजून केली असावी असं माझं मत.

शास्त्रीबुवा_नव्हे

आपल्याकडचं कलिवर्ज्य प्रकरण आठवलं. अग्निहोत्र, गवालंभ (यज्ञात गायीचा बळी), संन्यास, श्राद्धातलं मांस, नियोग (दिराकडून संतती): श्रुतिस्मृतीत सांगितलंय, मान्य, पण कलियुगात करायचं नाही. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यावर भरपूर लिहिलंय. तिथेही ग्रंथाला हात न लावता व्यवहार बदललाच की.

पण फरकही आहे. आपल्या निबंधकारांनी (धर्मशास्त्राच्या ग्रंथकारांनी) युग बदललं, म्हणून कर्म निषिद्ध झालं. इथे कर्म निषिद्ध नाहीच, ते ज्याच्यावर करायचं ते पात्र हरवलंय. कुणी उद्या उठून म्हणाला, ‘हे बघा, पात्र सापडलं’, तर? कलिवर्ज्यात ती सोय नाही.

पाटीपेन्सिल

शास्त्रीबुवा, नेमकं हेच. मैमोनिडीसच्या पुस्तकात सात राष्ट्रांविषयी ‘आठवण नाहीशी झाली’ असं आहे. लगेच पुढचं कलम अमालेकचं. तिथे ते वाक्य नाही. त्या एका मोकळ्या जागेवर नंतर किती शाई खर्च झाली! कुणी म्हणतं, सरमिसळ सगळ्यांचीच झाली, अमालेकचीही. कुणी म्हणतं, नाही, त्याने मुद्दाम गाळलं.

लोदची_काकू

नमस्कार मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, मूळ अलिबागकडची, आता बरीच वर्षं इस्राएलमध्ये लोद गावात. एरवी इथे फक्त पाककृती वाचते. पुस्तकी वाद तुम्ही घाला, मी प्रत्यक्ष काय होतं ते सांगते.

पुरीम सणाच्या आधीच्या शब्बाथला (शनिवारी) अमालेकचा तो उतारा सिनेगॉगमध्ये मोठ्याने वाचतात. तो ऐकणं ही तोराहचीच आज्ञा मानतात, म्हणून एरवी न फिरकणाऱ्या बायकासुद्धा पोरंबाळं घेऊन येतात. आमच्या शेजारच्या अश्कनाझी (युरोपीय वंशाच्या ज्यूंच्या) सिनेगॉगमध्ये तर ‘आठवण’ या एका शब्दाचा स्वर असा की तसा यावर मतभेद, म्हणून वाचणारा ते दोनदा वाचतो, दोन्ही तऱ्हांनी. चूक राहायला नको! मग पुरीमला एस्तेरची कथा. त्यात ज्यूंच्या नाशाचा कट करणारा हामान हा अगागाच्या वंशातला, म्हणजे अमालेकी. त्याचं नाव आलं की पोरं खुळखुळे फिरवतात, पाय आपटतात, नुसता गोंगाट. तोराह लिहिणारे लेखनिक नवा बोरू चालतो का ते बघायला ‘अमालेक’ लिहितात आणि खोडतात. नाव पुसायची आज्ञा अशी पुरी करायची.

आमच्या कोकणातल्या म्हाताऱ्यांना पुरीम हा शब्दही ठाऊक नव्हता, ते ‘होळीचा सण’ म्हणायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आजूबाजूला देवळंच देवळं, आणि मूर्ती फोडायचा विचार कुणाच्या सात पिढ्यांत आला असेल तर शपथ.

रानजाई

काकू, किती छान लिहिलंत! पण मग थेट विचारते. आम्ही मूर्तिपूजा करणारे. ज्यू कायद्यात आमची जागा नेमकी कुठली? त्या सातांच्या रांगेत?

पाटीपेन्सिल

रानजाई, सातांच्या रांगेत नक्कीच नाही. ती रांग वंशाची आणि भूमीची आहे. पण मूर्तिपूजा म्हणून जो निषेध आहे तो कडकच आहे, तो मऊ करून सांगणार नाही. मात्र ‘निषेध’ म्हणजे ‘जाऊन फोडा’ नव्हे. मिश्नेचा अवोदा झारा नावाचा भाग पूर्ण याच विषयावर आहे, आणि तो वाचताना जाणवतं की हे लोक मूर्तींनी गजबजलेल्या शहरांत राहून बाजारहाट करत होते.

त्यातला माझा आवडता प्रसंग. अक्को शहरात अफ्रोडाइटी देवीचं स्नानगृह. तिथे रब्बान गमलिएल आंघोळ करतायत. प्रोक्लोस नावाचा एक ग्रीक विचारतो, तुमच्या तोराहमध्ये मूर्तीचं काहीही हाताला चिकटू देऊ नका असं आहे, मग तुम्ही इथे कसे? ते म्हणतात, स्नानगृहात धर्माच्या गोष्टी बोलत नाहीत. बाहेर आल्यावर उत्तर देतात: मी तिच्या हद्दीत आलो नाही, ती माझ्या हद्दीत आली. लोक ‘अफ्रोडाइटीच्या शोभेसाठी स्नानगृह बांधू’ म्हणत नाहीत, ‘स्नानगृहाच्या शोभेसाठी अफ्रोडाइटी ठेवू’ म्हणतात. आणि तुला कितीही पैसे दिले तरी तू तुझ्या देवीसमोर उघडा उभा राहशील का?

दुसरीकडे रोममध्ये ज्यू वडीलधाऱ्यांना विचारतात, तुमच्या देवाला मूर्ती नको असतील तर तो त्या नष्ट का करत नाही? उत्तर: लोक सूर्य, चंद्र, तारे यांनाही पूजतात. मूर्खांपायी त्याने जग बुडवायचं का? (‘मूर्ख’ हे आपल्याला उद्देशून, हे लक्षात असू द्या. हसून सोडून देऊ.)

तालमूदात रब्बी योहानान यांचं मत आहे की इस्राएलबाहेरचे परकीय खरे मूर्तिपूजक नाहीत, ते वाडवडिलांची चाल चालवतात. तेराव्या शतकातल्या दक्षिण फ्रान्सचे मेनाखेम मेइरी त्याही पुढे गेले: तालमूदमधली कडक बंधनं त्या प्राचीन लोकांपुरती, ज्यांना कसलाच धर्मनियम नव्हता, आजची नीतिनियमांनी बांधलेली राष्ट्रं त्यात येत नाहीत. आणि मैमोनिडीस याच्या अगदी उलट टोकाला: त्याने ख्रिस्ती धर्मालाही मूर्तिपूजेत धरलं.

टाचणी

ज्यू बायकांच्या विगमधल्या तिरुपतीच्या केसांवरून वाद झाला होता, त्याचं काय ते राहिलं की.

पाटीपेन्सिल

अरे हो. २००४. विवाहित सनातनी ज्यू बायका केस झाकतात, बऱ्याच जणी विगने. विगचे केस पुष्कळदा भारतातून जायचे, त्यातले कितीतरी तिरुपतीच्या मुंडनाचे. मूर्तीला वाहिलेल्या वस्तूचा कुठलाही उपभोग घ्यायचा नाही असा नियम. यरुशलेमचे रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी एका रब्बींना थेट तिरुपतीला पाठवून चौकशी केली आणि असे विग वर्ज्य ठरवले. ब्रुकलिनमध्ये बायकांनी रस्त्यावर विगांच्या होळ्या केल्या. वाद कुठे अडला होता बघा: केस देवाला वाहिले जातात, की केस काढणं हाच नवस आणि खाली पडलेले केस म्हणजे नुसता केर? आपल्याकडे नवस फेडून आलेल्या दहा जणांना विचारलं तर दहा उत्तरं मिळतील.

लोदची_काकू

आमच्याकडे तो प्रश्नच नव्हता बाई. मिझराही (पूर्वेकडच्या देशांतल्या ज्यू) लोकांचे मोठे रब्बी ओवाद्या योसेफ यांचा विगलाच विरोध, मग केस तिरुपतीचे असोत की पॅरिसचे. आम्ही आपल्या रुमाल बांधतो.

घाटवळण

गप्पा छान चालल्यात, पण खोलीतला धूर कुणीच बघत नाहीये. २५ फेब्रुवारी १९९४, पुरीमचा दिवस: हेब्रोनमध्ये बारुख गोल्डस्टाइनने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस नेतान्याहूंनी भाषणात ‘अमालेकने तुमचं काय केलं ते आठवा’ हे वचन म्हटलं; दक्षिण आफ्रिकेने डिसेंबरात आंतरराष्ट्रीय न्यायालयात जो अर्ज केला त्यात ते उद्धृत आहे. नेतान्याहूंच्या कार्यालयाचं म्हणणं, तो उल्लेख हमासबद्दल होता. असेल. पण तुमच्या रब्बींच्या अटी तेव्हा कुठे होत्या?

पाटीपेन्सिल

घाटवळण, हा प्रश्न यायलाच हवा होता. अटी पुस्तकात होत्या. शास्त्रीबुवांनी वर जी फट दाखवली, ती हीच.

विसाव्या शतकात रब्बी सोलोव्हेचिक यांनी आपल्या वडिलांचं मत नोंदवलं: ज्यूंचा समूळ नाश करायला निघालेलं कुठलंही राष्ट्र अमालेकच्या जागी येतं. डोळ्यांसमोर नाझी जर्मनी होती, ते समजू शकतं. पण वंशाची अट सुटली की अमालेक ही जागा होते आणि तिथे कुणालाही बसवता येतं. हसिदी या ज्यू भक्तिपंथाच्या गुरूंनी त्याच मोकळीकीने अमालेकला माणसाच्या मनातला संशय बनवलं. ज्याच्या हाती किल्ली, तो ठरवणार आत काय ठेवायचं.

उलट बाजूचा साठाही आहे. तालमूद म्हणतो, हामानाच्या वंशजांनी बने ब्राकमध्ये तोराह शिकवली. दुसरीकडे तिम्नाची कथा आहे: ती राजघराण्यातली, तिला अब्राहामाच्या कुळात यायचं होतं. अब्राहाम, इसहाक, याकोब, तिघांनी नाकारलं. मग ती याकोबाचा भाऊ एसाव याच्या मुलाची उपपत्नी झाली आणि तिच्या पोटी अमालेक जन्मला. तालमूद स्पष्ट म्हणतो, तिला दूर लोटायला नको होतं. ज्याला पुसायचं, त्याच्या जन्माचा दोष तालमूद आपल्याच पूर्वजांवर ठेवतो. आणि मैमोनिडीसच्या मते तहाचा प्रस्ताव आधी ठेवल्याशिवाय कुणाशीच युद्ध करायचं नाही. सात राष्ट्रांशी नाही आणि अमालेकशीही नाही. (राशी या मध्ययुगीन टीकाकाराने मात्र विसाव्या अध्यायातला तह फक्त ऐच्छिक, म्हणजे आज्ञेने न आलेल्या, युद्धापुरता धरला.) पण मैमोनिडीसचा गांधी करू नका. त्याचा तह म्हणजे खंडणी, मांडलिकी आणि नोहाचे सात नियम (सगळ्या मानवजातीसाठीचे मानलेले मूळ नियम) मान्य करणं. न मानणाऱ्यांचं काय करायचं ते त्याने पुढे लिहिलंय आणि ते वाचवत नाही.

वळचण

म्हणजे शेवटी माझाच मुद्दा. फौज आली की अटी गेल्या.

पाटीपेन्सिल

सरसकट नाही. १९८२, इस्राएली फौजेचा बैरूतला वेढा. मैमोनिडीसचा नियम असा, की शहराला वेढा घालायचा तर तीनच बाजूंनी. चौथी बाजू पळून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची. तेव्हाचे अश्कनाझी मुख्य रब्बी श्लोमो गोरेन, जे त्याआधी इस्राएली लष्कराचे पहिले मुख्य रब्बी होते, म्हणाले की हा नियम बैरूतलाही लागू आहे. रब्बी शौल यिस्राएली यांनी ते खोडून काढलं. दोघेही कडवे झायोनिस्ट (ज्यू राष्ट्राचे पुरस्कर्ते), दोघांच्या हातात तीच पुस्तकं, आणि फौज त्यांच्याच देशाची.

टाचणी

चौथी बाजू मोकळी हे तोराहमध्ये कुठे आहे?

पाटीपेन्सिल

हीच तर खरी विचित्र गोष्ट. तो नियम निघाला गणना पुस्तकाच्या ३१व्या अध्यायातून, मिद्यानी लोकांशी झालेल्या युद्धातून. ‘परमेश्वराने आज्ञापिल्याप्रमाणे त्यांनी युद्ध केलं’ एवढ्याच शब्दांवरून रब्बी नाथान म्हणाले, म्हणजे चौथी बाजू मोकळी ठेवली असणार. त्याच अध्यायात पुढे मोशे संतापतो, की बायकांना जिवंत का ठेवलंत? मुलगे मारा. अख्ख्या तोराहमधला सगळ्यात भीषण म्हणता येईल असा अध्याय, आणि दयेचा नियम त्यातूनच काढला. नाहमानिदीस या मध्ययुगीन पंडिताने कारणं दोन दिली: एक, शत्रूशीही दयेने वागायला शिकावं, दोन, वाट मिळाली की तो जिवावर उदार होऊन लढत नाही. साधू आणि सेनापती एकाच वाक्यात.

घाटवळण

आणि बैरूतमध्ये गोरेन यांचं ऐकलं का कुणी?

पाटीपेन्सिल

ऑगस्ट १९८२मध्ये पीएलओचे (पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे) लढवय्ये बैरूतमधून बाहेर पडले खरे, बरेचसे बोटींनी. पण तो अमेरिकेने घडवून आणलेला समझोता होता. त्याचं श्रेय फिलिप हबीब या अमेरिकी दूताला. मैमोनिडीसच्या खात्यावर ते मांडता येणार नाही.